आधी गच्ची, मग बांबूचा ब्रश: जळगावच्या एका घराचा हिशेब

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावात स्वतःचं घर, वरच्या मजल्यावर तुम्ही पाच जण, डोक्यावर थेट स्लॅब, गच्ची आठशे चौरस फुटांची. गेल्या वर्षभरात तुम्ही बांबूचे ब्रश आणले, स्टीलच्या स्ट्रॉ आणल्या, चांगले चालणारे प्लास्टिकचे डबे काढून काचेच्या बरण्या घेतल्या. घरचे म्हणतात, "तुझ्या एकटीने काय होणार?" आणि आता तुम्हालाही वाटायला लागलंय की पैसे गेले, पण पदरात काय पडलं ते कळत नाही. रोजच्या जगण्यात काय बदललं म्हणजे पर्यावरणाला खरोखर हातभार लागेल, आणि सुरुवात कुठून करायची, हे तुम्ही विचारलंय.

मी वीज आणि पाण्याच्या वापराची तपासणी करते. सुरुवात जळगावच्या डाळ मिलमधल्या मोटारी तपासण्यापासून झाली. पुढे कापसाच्या जिनिंग गिरण्या, शाळा, दवाखाने आले आणि गेली बारा-तेरा वर्षं बहुतेक घरंच. भुसावळपासून शहाद्यापर्यंतच्या पट्ट्यात फिरणं असतं, त्यामुळे उत्तर इथल्या हवेला धरूनच देते. कोकणातल्या कुणी हाच प्रश्न विचारला असता तर मी बरंच वेगळं सांगितलं असतं.

वाचताना एक गोष्ट जाणवली. आणलेल्या वस्तूंची यादी तुम्ही सविस्तर दिलीत, पण विजेचे दोन आकडे अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेत: जानेवारीत १३० युनिट आणि मेमध्ये ५४०. माझ्या दृष्टीने निम्मं उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

आपण ढोबळ हिशेब करू. वर्षाचे तुमचे साधारण ३३०० युनिट होतात. देशातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. आपल्याला तर ते सांगायलाही नको, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या भुसावळकडे जाताना लांबूनच दिसतात. सगळ्या स्रोतांची सरासरी धरली तरी एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तुमच्या विजेचे वर्षाला झाले सुमारे २३०० किलो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, एक किलो गॅस जळला की तीन किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाला नऊ सिलिंडर म्हणजे पावणेचारशे ते चारशे किलो. एक मोटारसायकल आणि एक स्कूटी मिळून महिन्याला अठरा लिटर पेट्रोल तुम्ही लिहिलंय. लिटरमागे सव्वादोन किलोच्या वर धरा, तेही वर्षाला पाचशे किलोच्या आसपास जातं. आणि पाच माणसांचे प्लास्टिकचे ब्रश वर्षाला वीस, सगळ्यांचं वजन अर्धा किलोसुद्धा भरत नाही.

ब्रश बदलला ते चुकलं असं मी म्हणत नाही. प्लास्टिकचा त्रास निराळा आहे. ते नाल्यात अडकतं, गुरांच्या पोटात जातं, आणि कोपऱ्यावर कचऱ्याबरोबर पेटवलं की त्याचा धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. पण तुमच्याकडे ताकद मर्यादित आहे, घरच्यांचा धीरही मर्यादित आहे. तो आधी २३०० किलोवर लावायचा की अर्ध्या किलोवर, एवढंच मी विचारते. चांगला चालणारा डबा टाकून नवी बरणी आणली तर उलट भरच पडते. डबा फुटेपर्यंत वापरा.

आता जानेवारी आणि मेमधला फरक बघा, ४१० युनिट. एवढी वीज जाते कुठे? टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन जानेवारीतही होतेच. जास्तीचं सगळं जातं घर गार ठेवण्यात. आणि घर तापतं कुठून, तर मुख्यतः वरून.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलअखेरीस मी एका घरी गेले होते, तुमच्यासारखंच वरच्या मजल्याचं. दुपारचे साडेतीन. गच्चीवर चप्पल काढून पाय टेकवणं शक्य नव्हतं. घरच्या मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी गच्चीच्या एका कोपऱ्यात चार फूट बाय चार फुटांचा चौकोन चुन्याने रंगवला होता. माझ्याकडे लांबून तापमान मोजायचं यंत्र असतं. उघड्या सिमेंटवर त्याने ६१ अंश दाखवले, चार पावलांवर चुन्याच्या चौकोनावर ४६. मी त्या चौकोनावर तळवा ठेवला. गरम होता, पण ठेवता आला. मग मुलाची आई आली, तिनेही ठेवला, आणि म्हणाली, "अहो, आमचं सगळं बिल याच्यातच आहे की."

तिचं बरोबर होतं. काळवंडलेलं सिमेंट आपल्यावर पडणाऱ्या उन्हातला निम्म्याहून बराच जास्त भाग पिऊन घेतं. चार-पाच इंचाचा स्लॅब दिवसभर ती उष्णता साठवतो आणि सूर्य गेल्यावर खाली सोडायला लागतो. म्हणून आपल्याकडे रात्री अकरालाही पंख्याखाली गरम वारा लागतो आणि एसी थांबायचं नाव घेत नाही. पांढरा थर बरंचसं ऊन आल्या पावली परत पाठवतो. अहमदाबादने २०१७ पासून उष्णतेच्या आराखड्यात पांढरी छतं धरली, तेलंगणने २०२३मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. आपल्या जुन्या लोकांना हे दुसऱ्या तऱ्हेने माहीत होतं. यावल तालुक्यातलं माझ्या आजीचं घर धाब्याचं होतं, वर मातीचा जाड थर, त्यावर खारी माती. भर मेमध्ये दुपारी आम्ही आत जमिनीवर झोपायचो. ती घरं परत येणार नाहीत, दरवर्षीची ती डागडुजी आता कोण करणार? पण सिमेंटच्या घरात राहायचं तर त्याचं छत उन्हापासून वाचवायलाच हवं.

करायचं कसं ते सांगते. तयार उष्णतारोधक पांढरा रंग मिळतो, तो महाग पण काही वर्षं टिकतो. चुना स्वस्त, मात्र पावसाळ्यात धुपतो आणि दर उन्हाळ्याआधी पुन्हा द्यावा लागतो. कळीचा चुना घेत असाल तर तो लोखंडी पिंपात भिजवा, कारण पाणी पडताच तो उकळतो आणि प्लास्टिकची बादली वितळू शकते. हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलांना लांब ठेवा. रात्रभर निवू द्या, गाळून घ्या, चिकटपणासाठी थोडा डिंक किंवा फेविकॉल घाला. गच्ची आधी घासून धुवा, भेगा बुजवा, आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दोन हात द्या, आडवा आणि उभा. दुसऱ्या दिवशी हलकं पाणी शिंपडलं की थर घट्ट बसतो. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात हे उरकलं पाहिजे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पापड-कुरडया वाळवायला गच्चीवर जाल तेव्हा अनवाणी पायालाच फरक कळेल.

किती फायदा होईल ते घरावर अवलंबून आहे. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात म्हणून मी छतावर एवढा भर देते. खालच्या मजल्यावरच्या माणसाला याचा उपयोग थोडा. त्याच्या घरात ऊन पश्चिमेच्या भिंतीतून आणि खिडकीतून येतं, त्याने बाहेरून हिरवी जाळी बांधावी किंवा वेल चढवावा. पडदा आत लावला तर ऊन काचेतून आत येऊनच गेलेलं असतं. अडवायचं ते बाहेर. भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी बोलून चुन्याचा खर्च अर्धा-अर्धा करता येतो, मी दोन-तीन ठिकाणी तसं जुळवून दिलंय.

छत झालं की कूलर. तुम्ही लिहिलंय की जुना कूलर गच्चीवर पडून आहे, कारण "त्याने दमट होतं". मला वाटतं तो खिडक्या लावून चालवला जात होता. कूलरला आत येणाऱ्या हवेइतकीच हवा बाहेर जायला वाट लागते, समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की चव्वेचाळीस अंशांची हवा ओल्या गवतातून येताना तीसच्या आसपास उतरते. मुंबईला हे होत नाही, तिथे हवेतच पाणी असतं. मृगाच्या सरी पडल्या की आपल्याकडेही कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा तो झाकून ठेवावा. घरगुती कूलर दोनशे वॉटच्या आसपास घेतो, दीड टनाचा एसी भर उन्हात त्याच्या सहा-सात पट.

पण कूलर पाणी पितो. दिवसभर चालला तर साठ-सत्तर लिटर सहज जातात, आणि आपल्या भागात कुठे एक दिवसाआड नळ, तर कुठे आठ-आठ दिवसांनी. म्हणून मी सगळ्यांना डोळे झाकून कूलर सांगत नाही. ज्यांच्याकडे वाघूर धरणाचं पाणी बऱ्यापैकी येतं त्यांनी दुपारी कूलर चालवावा. ज्यांच्या दारात मेमध्ये टँकर येतो त्यांचा हिशेब वेगळा. औष्णिक केंद्रातही एक युनिट वीज होताना साधारण तीन लिटर पाणी खर्ची पडतं, तेव्हा एसीलाही पाणी लागतंच, ते फक्त आपल्या नळाचं नसतं.

एसी विकून टाका असं मी म्हणणार नाही. तुमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत, त्यांना रक्तदाब आहे. पंचेचाळीस अंशांत म्हाताऱ्या माणसाला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही, आणि पर्यावरणासाठी त्यांच्या खोलीतला गारवा काढून घेणं मला कधीच पटणार नाही. एसी त्यांच्या खोलीत ठेवा, सव्वीस-सत्तावीसवर लावा आणि सोबत पंखा दोनवर. एसीचा एक अंश वर नेला की त्याची सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच सांगतं. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, आपल्याकडची धूळ तिला लवकर बुजवते.

एसीची एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. तुम्ही लिहिलंय की दरवर्षी मार्चमध्ये माणूस येतो आणि "गॅस भरून" जातो. ताई, एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. यंत्रणा बंदिस्त असते. दरवर्षी भरावा लागतो याचा अर्थ तो कुठून तरी गळतोय आणि भरणारा गळती न जोडताच नवा भरतोय. या वायूंची उष्णता धरून ठेवायची ताकद जबरदस्त असते. आर-४१० ए हा वायू एक किलो सुटला तर दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान होतं. आर-३२ बरा, तरी एका किलोला पावणेसातशे. दीड टनाच्या एसीत असा किलोभर वायू असतो. म्हणजे वर्षभर दोन्ही गाड्या बंद ठेवून पेट्रोल वाचवलंत तरी, हा वायू एकदा पूर्ण गळाला की ती बचत पाण्यात गेली. माझ्या स्वतःच्या घरी सलग तीन वर्षं हे होत होतं आणि माझ्याही लक्षात यायला उशीर लागला. चौथ्या वर्षी साबणाचं पाणी लावून बघितलं, बाहेरच्या युनिटजवळच्या नटाला बुडबुडे. नट नीट बसवला आणि त्यानंतर गॅस भरावा लागलेला नाही. यंदा माणूस आला की त्याला आधी गळती शोधायला लावा, मगच भरायला सांगा.

पंख्यांचं पटकन सांगते. साधा पंखा ७५ वॉट, बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा तीसच्या आसपास. दिवसाला सोळा तास आणि वर्षातले आठ महिने फिरणारा पंखा बदलला तर वर्षाला पावणेदोनशे युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका. सासूबाईंच्या खोलीतला आणि हॉलमधला, एवढे दोन आधी. पाहुण्यांच्या खोलीतला जुना आहे तसा राहू द्या.

पाण्याकडे वळते, कारण खान्देशात विजेइतकंच ते मोलाचं आहे. तुमच्या गच्चीचं गणित सोपं आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आठशे चौरस फूट म्हणजे ७४ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस साडेसहाशे मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी ३८ हजार लिटर हाताशी येतं. ते आज गटारात जातंय. घरी बोअर असेल तर वाळू-खडीच्या गाळणीतून ते बोअरमध्ये सोडता येतं, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी मात्र बाहेर काढून द्यायचं, त्यात गच्चीची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. चुन्याची गच्ची असेल तर याची दुप्पट काळजी घ्या.

शोषखड्डा खणायचा विचार असेल तर आधी माती बघा. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि भेगा बंद करून टाकते, पाणी खाली जाऊच देत नाही. मी सुरुवातीला एका शाळेत चार फुटांचा खड्डा करून दिला होता. पहिल्याच मोठ्या पावसात तो तुंबला आणि आठवडाभर डासांचं डबकं झालं. खड्डा मुरमापर्यंत पोचला पाहिजे, मग तो सहा फुटांवर लागो की बारा. तेवढं खणणं परवडत नसेल तर एक टाकी ठेवून पावसाळ्याचे चार महिने तेच पाणी धुण्या-भांड्यांना वापरणं जास्त शहाणपणाचं.

आता पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्राबद्दल. आधी क्षारांचं माप घ्या, साधं पेनसारखं मीटर दोन-तीनशे रुपयांत येतं. पाण्यात लिटरला पाचशे मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तर आरओची गरज नाही, साधं अतिनील किरणांचं शुद्धीकरण यंत्र पुरतं. धरणाचं पाणी बहुधा या आत बसतं, बोअरचं पुष्कळदा बसत नाही, म्हणून मापूनच ठरवा. आरओ लागलाच तर त्याचं टाकाऊ पाणी फरशीला आणि संडासाला वापरा. कूलरमध्ये घालू नका, दोन आठवड्यांत गवतावर पांढरी खपली धरते. कुंड्यांनाही नको, माती खारावते.

खाण्याबाबत तुम्ही विचारलंच नाही, तरी एक सांगावंसं वाटतं. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीची दादर ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच येते, बऱ्याच ठिकाणी एकही पाणी न देता. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात. आठवड्यातले तीन-चार दिवस दादरची भाकरी किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी खाल्ली तर ती निवड नव्या पिशवीपेक्षा कितीतरी वजनदार आहे. मुलं नाक मुरडतील, तर भरिताच्या दिवशी सुरू करा. भरिताबरोबर पोळी मागणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

ओला कचरा घरीच जिरवा. बादलीला तळाशी भोकं, एक थर भाजीच्या देठांचा, एक थर वाळलेल्या पानांचा. उन्हाळ्यात आपल्याकडे खत कुजायच्या आधी वाळून जातं, म्हणून एक दिवसाआड पाण्याचा शिपका द्या आणि बादली सावलीत ठेवा. बाकी सुकं घंटागाडीत द्या. पालापाचोळा पेटवणं मात्र ताबडतोब थांबवा. घरात कार्य असेल तर केळीचं पान किंवा पळसाची पत्रावळ घ्या. थर्माकोलच्या ताटांना राज्यात २०१८पासूनच बंदी आहे आणि केळीला आपल्याकडे काय तोटा?

सोलरचा प्रश्न शेवटी ठेवलाय, कारण तो शेवटीच यायला हवा. २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं. आज मोजलं तर तुम्हाला अडीच-तीन किलोवॅट लागतील. छत, पंखे, एसीची गळती एवढं झालं की एका उन्हाळ्यानंतर कदाचित दोनात भागेल. पॅनेल खालच्या गच्चीवर सावलीही करतात, हा वेगळा फायदा. धूळ पहाटे, काच गार असताना पुसायची.

"तुझ्या एकटीने काय होणार?" याचंही उत्तर देते. साक्री तालुक्यातलं बारीपाडा ऐकून असाल. तिथे चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नियम ठरवून जंगल राखलं, आज ते चारशेहून जास्त हेक्टर उभं आहे, आणि पवारांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. सुरुवात गावातल्याच चार माणसांच्या बोलण्यातून होते. चुन्याच्या चौकोनाच्या त्या घराच्या गल्लीत यंदा सात गच्च्या पांढऱ्या आहेत. त्या बाईंनी कुणाला उपदेश केला नाही, फक्त मेचं बिल शेजारणीला दाखवलं.

तेव्हा क्रम असा धरा: आत्ता गळती आणि जाळी, फेब्रुवारीत गच्ची, मार्चमध्ये कूलरचं गवत आणि दोन पंखे, मेअखेर पावसाच्या पाण्याची पाइपलाइन, आणि दिवाळीनंतर सोलरचा विचार.

त्याआधी एक काम आजपासून करा. मीटरचा आकडा सात दिवस रोज दोनदा लिहून ठेवा, सकाळी सहाला आणि रात्री दहाला. तुमचा मुलगा आठवीत आहे ना, त्याच्याकडे वही द्या. रात्रीच्या आठ तासांत किती युनिट जातात ते त्यातून वेगळं कळेल, आणि उन्हाळ्यात हेच पुन्हा मोजलं की स्लॅबची उष्णता तुम्हाला केवढ्याला पडते त्याचा अंदाजही येईल. ते सात दिवसांचे आकडे इथेच लिहा, सोबत एसीच्या बाहेरच्या युनिटवर कुठल्या वायूचं नाव छापलंय ते आणि नळाच्या पाण्याचं क्षारांचं माप. मग दोन किलोवॅट पुरतील की तीन लागतील, आणि आरओ ठेवायचा की काढायचा, ते मी नेमकं सांगू शकेन.